नव्या धार-यंत्राच्या चाकाची तपासणी व समकेंद्रीकरण : ग्रामीण कार्यशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले गाव होय. कापूस, सोयाबीन, तूर पिकविणाऱ्या या परिसरात विळा, खुरपे, कुऱ्हाड ही नित्याची अवजारे आहेत. ती पाजविण्यासाठी निसण्याबरोबरच विजेवर चालणारे ग्राइंडरही आता सहज उपलब्ध होते. मात्र यंत्र नवे म्हणजे ते निर्दोष, हा समज धोक्याचा आहे. प्रस्तुत लेखात नव्या यंत्राचे चाक कोणत्या क्रमाने तपासावे आणि ते समकेंद्री कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

चाकाचे स्वरूप व वेग :

धार लावण्यासाठी कुरुंद दगड आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दही याच भारतीय शब्दकुळातील आहे. आजच्या चाकात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कृत्रिम कण चिनी मातीसारख्या भाजलेल्या बंधकाने जोडलेले असतात. महाराष्ट्रात अशी चाके बनविणाऱ्या ग्राइंडवेल कंपनीचा आरंभ 1941 मध्ये उरणजवळील मोरा येथे झाला. हे बंधक कठीण पण ठिसूळ असते. त्यामुळे वाहतुकीत बसलेला धक्का वरून न दिसणारी चीर पाडू शकतो.

150 मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला 2,850 फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 22 मीटर, म्हणजे ताशी 80 किलोमीटर होतो. चाक फुटल्यास तुकडे याच वेगाने सुटतात. म्हणूनच कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 30 ने चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना यंत्राजवळ लावणे बंधनकारक केले होते. गावातील एका-दोघांच्या दुकानापर्यंत मात्र असा कायदा सहसा पोहोचत नसे. तेथे वापरणाऱ्याचे ज्ञान हेच खरे संरक्षण ठरते.

तपासणीचा क्रम :

1) चिठ्ठी : चाकावर छापलेली कमाल फेरेसंख्या मोटारीच्या पट्टीवरील फेरेसंख्येपेक्षा कमी नसावी.

2) नाद : कोरडे व स्वच्छ चाक मधल्या छिद्रातून बोटावर तोलून धरावे. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांवर, कडेपासून 25 ते 50 मिलिमीटर आत, लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. नंतर चाक 45 अंश फिरवून पुन्हा ठोकावे. अखंड चाकाचा नाद खणखणीत येतो. बद्द आवाज आल्यास आणि चाक कोरडे असल्याची खात्री असल्यास ते वापरू नये. राळेच्या बंधकाचे चाक मुळातच कमी वाजते, हे लक्षात ठेवावे.

3) बसवणी : चाक दांड्यावर जोर न लावता सरकले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या चकत्या समान व्यासाच्या, चाकाच्या निदान एक-तृतीयांश असाव्यात आणि मध्ये कागदी गादी असावी. नट वाजवीपेक्षा अधिक आवळू नये.

4) चाचणी : आवरण लावून, बाजूला उभे राहून यंत्र किमान एक मिनिट रिकामे चालवावे.

समकेंद्रीकरण :

छिद्र व दांडा यांत थोडी मोकळीक असल्याने नवे चाकही केंद्रापासून किंचित सरकून बसते. 800 ग्रॅमचे चाक अर्धा मिलिमीटर सरकले, तरी वरील वेगाला सुमारे 35 न्यूटनचे, म्हणजे साडेतीन किलो वजनाइतके बल दांड्याला सेकंदाला 47 वेळा हादरवते. परिणामी अवजार उड्या मारते, धार लहरी येते आणि बेअरिंग झिजते.

दोष शोधण्यासाठी वीज तोडून, टेकणीवर पेन्सिल धरून चाक हाताने फिरवावे. खूण उमटेल तो भाग उंच. नंतर डोळ्यांना चष्मा व नाकाला पट्टी लावून, हिऱ्याच्या टोकाचे हत्यार टेकणीवर धरावे. टोक चाकाच्या फिरण्याच्या दिशेने 10 ते 15 अंश कललेले असावे. एका वेळी साधारण 0.02 मिलिमीटरच घेत ते कडेवरून सावकाश आडवे फिरवावे. तुटक खरखर जाऊन आवाज सलग झाला, की चाक वर्तुळात आले. शेवटी वीज बंद करून टेकणी व चाक यांतील अंतर 3 मिलिमीटरपेक्षा अधिक राहणार नाही, असे बसवावे.

चाक बाजूने डुलत असेल, तर दोष बहुधा चकतीत किंवा दांड्यात असतो. कड घासून तो जात नाही. ‘ड्रेसिंग’ ही क्रियाही निराळी आहे. तिच्यात हत्यार तेच असले, तरी उद्देश बोथट कण व बुजलेली छिद्रे मोकळी करण्याचा असतो. बोथट चाक कापण्याऐवजी तापवते. पाते निळे पडले, की त्याचे पाणी उतरले असे समजावे.

समारोप :

समकेंद्रीकरणाने केवळ आकार सुधारतो. चिरलेले चाक त्याने सांधत नाही. यास्तव आधी नाद, मग बसवणी आणि शेवटी हिरा, हा क्रम बदलता येत नाही. महाविद्यालयीन कार्यशाळांत यंत्र चालविण्याबरोबर हा क्रमही प्रात्यक्षिकाचा भाग व्हावा; तेथे शिकलेला विद्यार्थीच तो गावातील दुकानापर्यंत नेऊ शकेल.