पोटात राहिलेले कापड आणि 33 वर्षांचा खटला

शस्त्रक्रियेनंतर घरचे माणूस दगावले की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. वडीलधारे म्हणतात, "तेवढंच आयुष्य होतं, सब्र करा." नाहीतर तरुण पोरे दवाखान्याच्या काचा फोडायला निघतात. तिसरी वाटही आहे. ती लांबची आहे, पण औरंगाबादच्या एका कुटुंबाने ती शेवटपर्यंत चालून दाखवली.

जुलै 1963 ची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी स्त्री रुग्णालयात 10 तारखेला एक बाई बाळंत झाली. 13 तारखेला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप चढला, पोट दुखू लागले. 19 तारखेला पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत रक्त टिपायचे कापड सापडले. भोवती पू झाला होता. 24 जुलैला ती गेली.

नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, शिवाय सरकारी दवाखान्यातल्या अशा चुकीला सरकार जबाबदार नाही, असे त्याचे म्हणणे. अखेर फेब्रुवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा उभा केला. दवाखाना चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, तिथल्या नोकरांच्या हयगयीची भरपाई सरकारनेच द्यायची, असे न्यायालयाने सांगितले. या निकालाला 33 वर्षे लागली.

याच निकालाची दुसरी बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. प्रत्येक डॉक्टरचे कसब सारखे नसते आणि एका आजारावर उपचाराचे मार्ग अनेक असतात. डॉक्टरने मान्य पद्धतीने, काळजीपूर्वक उपचार केले असतील, तर केवळ रोगी वाचला नाही म्हणून तो दोषी ठरत नाही. रक्तस्राव होणे, जखम चिघळणे, भूल न मानवणे हे सारी काळजी घेऊनही घडू शकते. पोटात कापड राहणे मात्र त्यात मोडत नाही. टाके घालण्याआधी कापडे आणि हत्यारे मोजायचीच असतात.

गुंतागुंत कुठली आणि हयगय कुठली, हे रडून किंवा ओरडून ठरत नाही, कागदांवरून ठरते. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन उपचार करणारे दवाखाने ग्राहक कायद्याखाली येतात. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र हयगय घोर स्वरूपाची असावी लागते, हे 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. आपल्या घरांत भाभीच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर दीर सही करतो, अम्मीच्या कागदावर मुलगा, आणि तोही न वाचता. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिची स्वतःचीच लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा निकाल आहे. कागद इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीने तो मोठ्याने वाचावा, अर्थ सांगावा. काय कापणार, धोका कोणता, दुसरा इलाज आहे का, एवढे तीन प्रश्न डॉक्टरांना अदबीने विचारावेत. चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येत नाही.

आणि घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड, बिले, तपासण्यांचे कागद उशीखाली किंवा खिडकीत पडू देऊ नयेत. रेशनकार्ड ज्या पिशवीत जपतो, त्याच पिशवीत ते ठेवावेत.