हाली, कलदार आणि रंगांचा हिशेब

आपल्या बीदर-कलबुर्गी भागातील जुन्या पेढ्यांच्या वह्या ज्यांनी उघडून पाहिल्या असतील, त्यांना एक गोष्ट सहज आठवेल. रकमेबरोबर 'हाली' किंवा 'कलदार' हा शब्द लिहिल्यावाचून ती रक्कम पुरी होत नसे. निजामी राज्याचा हाली रुपया निराळा आणि सोलापूर-मुंबईकडील कलदार निराळा. साधारणतः सात हाली रुपयांस सहा कलदार हा भाव होता. आकडा शंभरचाच, नाव रुपयाचेच. परंतु रुपया कोणता हे न सांगता व्यवहार केला, तर एका पक्षाचे नुकसान ठरलेलेच. १९५० नंतरच्या दशकात हाली रुपया चलनातून गेला आणि ही अडचण संपली. मात्र संगणकावर रंगाचे काम होऊ लागल्यापासून तीच अडचण नव्या वेषाने आपल्या दारी आली आहे. तिचा उलगडा सभासद बंधु-भगिनींसाठी येथे करीत आहोत.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. एका हंगामात आम्ही तूरडाळीच्या पिशव्या छापून घेतल्या. संगणकाच्या पडद्यावर डाळ सोन्यासारखी पिवळी दिसत होती. छापून आली ती हिरवट आणि मळकी. गिऱ्हाईक पिशवी हाती घेऊन विचारी, "माल जुना आहे काय?" माल त्याच हंगामाचा होता, पण पिशवी आमच्याविरुद्ध साक्ष देत होती. छापखान्याचे म्हणणे, फाइलप्रमाणेच छापले; चित्र जुळविणाऱ्याचे म्हणणे, पडद्यावर ठीक होते. शोध घेता कळले की दोघेही खरे बोलत होते. फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये सुधारला होता, पिशवीची मांडणी दुसऱ्यात केली होती, आणि दोहोंतील रंगांची मांडणी एकमेकींशी जुळत नव्हती. ज्या कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या पिशवीवर अशी कळा यावी याचे आम्हांस फार वाईट वाटले.

असे का होते? संगणकास रंग दिसत नाही. त्यास केवळ आकडे कळतात. पडदा लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनी रंग दाखवितो आणि प्रत्येकाचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत मांडतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांनी छापतो आणि त्यांचे प्रमाण टक्क्यांत सांगतो. पण तोच आकडा निरनिराळ्या पडद्यांवर व निरनिराळ्या कागदांवर निरनिराळा रंग देतो. म्हणून आकड्यासोबत 'हा कोणत्या मापाचा' हे सांगणारी चिठ्ठी जोडावी लागते. तिलाच प्रोफाइल म्हणतात. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था स्थापन केली आणि या चिठ्ठीचे सर्वमान्य स्वरूप ठरविले. पडद्यांसाठी व सामान्य कामासाठी एसआरजीबी हे माप १९९६ साली पुढे आले. त्याहून विस्तृत असे ॲडोबी आरजीबी हे माप १९९८ चे. दुसऱ्या मापातील फोटो पहिल्या मापाचा समजून उघडला, की रंग फिके व निस्तेज दिसतात. कलदार रक्कम हाली म्हणून वाचल्यासारखाच हा प्रकार.

येथे दोन क्रियांतील भेद नीट ध्यानी धरावा, कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. फोटोशॉपमध्ये 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' अशा दोन आज्ञा आहेत. पहिलीने आकडे तेच राहतात, फक्त चिठ्ठी बदलते. म्हणजे शंभर हाली खोडून शंभर कलदार लिहिणे. दुसरीने भावाचा हिशेब करून आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तोच राहतो. चिठ्ठी हरवली असेल वा चुकीची असेल तरच पहिली आज्ञा योग्य. एरवी दुसरीच वापरावी, आणि तीही एकदाच, अखेरीस. प्रत्येक बदलात सराफाच्या बट्ट्याप्रमाणे थोडी घट येते. म्हणून मूळ फोटो तीन रंगांतच जपून ठेवावा.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट पडद्याची. तो मापकयंत्राने जुळवून घ्यावा. यंत्र नसल्यास निदान रात्रीचा पिवळा प्रकाश देणारी सोय बंद ठेवावी, चकाकी बेताची ठेवावी आणि पडद्यावर ऊन पडू देऊ नये.

दुसरी गोष्ट सर्व सॉफ्टवेअरांत एकच मांडणी ठेवण्याची. फोटोशॉप, इलस्ट्रेटर व इनडिझाइन या तिन्हींत 'कलर सेटिंग्ज' सारखी असावीत. ॲडोबीच्या ब्रिजमधून ती एकदम सर्वांस लावता येतात. कोरलड्रॉ निराळ्या घरचे असल्याने त्यातील 'कलर मॅनेजमेंट' स्वतंत्रपणे हाताने जुळवावे लागते. आमची चूक नेमकी येथे झाली होती. फाइलमधील चिठ्ठी जपावी आणि तफावत आढळल्यास विचारावे, असेही तेथे सांगून ठेवावे. तो इशारा कटकटीचा वाटून पुष्कळजण बंद करतात. ते म्हणजे राखणदारास झोपविणे होय.

तिसरी गोष्ट छापखान्याच्या मापाची. पुष्कळ संगणकांवर चार शायांसाठी अमेरिकेतील रीळ-कागदाच्या छपाईचे माप आपोआप बसलेले असते. आपल्या छापखान्याचा कागद व शाई त्याहून वेगळी. म्हणून काम आरंभण्यापूर्वीच छापखान्याकडून प्रोफाइल मागून घ्यावे. प्लास्टिकच्या पिशवीसाठी तर हे अधिकच अगत्याचे, कारण तिच्याखाली पांढरी शाई आहे की नाही यावरही रंग अवलंबून असतो.

चौथी गोष्ट काळ्या रंगाची. बीदरी कामाचे फोटो छापणाऱ्या बंधूंनी हे विशेष पाहावे. जस्त-तांब्याच्या पात्रास किल्ल्यातील मातीने आलेला तो गडद काळा रंग आणि त्यावरील चांदीची नक्षी, हाच त्या मालाचा प्राण. तो काळा साधावा म्हणून चारही शाया पूर्ण ओतल्या तर बेरीज ४०० टक्के होते. कागद ती सोशीत नाही. ही बेरीज साधारणतः ३०० च्या आसपास राखतात. नेमका आकडा छापखान्यास विचारावा. बारीक अक्षरे मात्र एकट्या काळ्या शाईतच असावीत.

पाचवी गोष्ट वानगीची. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठविता कागदपत्र म्हणून अगर ई-मेलने पाठवावी, म्हणजे ती मुळासारखी पोहोचते. मग त्याच कागदावर किंवा पिशवीवर छापील नमुना मागवावा, प्रत्यक्ष माल शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावा आणि सही करूनच छपाईस संमती द्यावी.

इतके करूनही काही रंग हाती लागत नाहीत. इरकली वा पैठणीचे झळझळीत रेशमी रंग चार शायांत पुरते उतरत नाहीत. तेथे त्या रंगाची स्वतंत्र शाई घ्यावी, किंवा जाहिरातीखाली तसे स्पष्ट लिहावे. याउलट डाळीचा पिवळा असावा त्याहून भडक करण्याचा मोहही टाळावा. डाळीस कृत्रिम रंग दिल्याची शंका गिऱ्हाइकाच्या मनात आधीच असते. चित्राने तिला खतपाणी का घालावे?

आपण तराजूची दांडी सरळ धरतो, माप भरून देतो. पिशवीवरील रंग हाही गिऱ्हाइकास दिलेला शब्दच होय. तेव्हा आपल्याकडे चित्रे जुळविणाऱ्या माणसास पुढच्या खेपेस एवढाच प्रश्न अवश्य विचारावा: हा आकडा हाली की कलदार?