कंबर तुमची, तीही सांभाळा



गावातल्या कितीतरी मुली आता शहरातल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागतात. कुणी ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागात. नाव अवघड, काम ओळखीचं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हातानं जेवायला, बटण लावायला, अंघोळ करायला शिकवायचं. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

काय शिकवायचं ते थेरपिस्ट ठरवतात. मदतनीस सामान मांडते, सराव करून घेते आणि दिवसभर पेशंटला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर घेते. तिथंच कंबर धरते. मग आपण म्हणतो, बाईच्या जातीला हे चालायचंच. नाही बायांनो, हे दुखणं कामाचं आहे आणि बरंचसं टाळता येतं.

खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला लागून ठेवा. ब्रेक लावा. त्याची पावलं जमिनीला टेकवा. तुम्ही पाय फाकवून उभ्या राहा, गुडघ्यात वाका, कमरेत नको. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो. कमरेच्या पट्ट्याला धरा. ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि त्यालाच जोर लावू द्या. वळताना कमरेला पीळ न देता पावलं टाका. त्याला उभंच राहता येत नसेल, तर एकटीनं उचलू नका. दुसरीला हाक मारण्यात कमीपणा कसला?

आता हक्काचं. दवाखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआय लागू होतो. शंभर रुपयांमागे तुमचे पाऊण रुपया, मालकाचे सव्वातीन. त्यातून उपचार मिळतात, आजारपणात पैसे मिळतात. वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांपर्यंत पैसे मिळतात. कामावर दुखापत झाली, तर पहिल्या दिवसापासून हक्क असतो. एजन्सीमार्फत लागलात तरी तो जात नाही. मात्र दुखापत त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहून घ्या. ‘उद्या बघू’ म्हटलं की पुरावा राहत नाही.

येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाची लेक, सून अशा कामाला असेल, तर तिला फोन लावा. पगार किती एवढंच विचारू नका. विचारा, पगाराची चिठ्ठी मिळते का? ईएसआयचा नंबर आहे का? आणि कंबर कशी आहे, बाळा?