हवेली तालुक्यातलं समाजशास्त्र

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत समाजशास्त्र असा वेगळा विषय नसतो. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, बस्स. अकरावीला कला शाखा घेतली की तो पहिल्यांदा भेटतो: बालभारतीचं पुस्तक, ८० गुणांची लेखी परीक्षा आणि उरलेले २० गुण कॉलेजच्या हातात. भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमा केला की कंपनीत लागता येतं, हे गणित घरोघरी पक्कं आहे. तिथे समाजशास्त्र घेणाऱ्याला ‘पुढं काय करणार?’ हा प्रश्न आधी घरातलेच विचारतात. त्या मुलांना एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. भारतीय समाजशास्त्राची काही मोलाची पानं त्यांच्याच परिसरात, हवेली तालुक्यात, लिहिली गेली आहेत.

पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर लगेच टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंद गावाची बारकाईने पाहणी केली. जमीन कसली, पिकं कोणती, घरं कशी, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क काय, बलुतेदारांना काय मिळतं, कुणब्याच्या डोक्यावर कर्ज किती, असं सगळं त्याने टिपलं. हा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ साली छापून आला. तेव्हा ‘सोशिऑलॉजी’ हा शब्दही रूढ झाला नव्हता. फ्रान्समध्ये ऑगस्त कोंतने तो प्रचारात आणला १८३० च्या दशकाअखेरीस. म्हणजे शास्त्राला नाव मिळण्याआधी वाघोलीच्या पुढच्या एका गावाची समाजशास्त्रीय नोंद तयार होती! मला याचं नवल अजून ओसरत नाही.

पुढची गोष्ट तितकीच विलक्षण. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. शहराला हात लावण्याआधी ते शहर नीट पाहून घ्या, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या मागून विभागाची धुरा आली मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस पुढे एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारख्यांचा गुरू झाला. याच घुर्यांनी कोट्सचं लोणीकंद पुन्हा पाहिलं आणि तेव्हाचं गाव आजच्या गावाशेजारी ठेवणारं पुस्तक १९६० साली प्रसिद्ध केलं. एकाच गावाच्या शतकाहून अधिक अंतराच्या दोन नोंदी फार थोड्या ठिकाणी मिळतात. तीन वर्षांनी त्यांचं आणखी एक पुस्तक आलं, ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ रुरर्बन कम्युनिटी’. त्याचा विषय अख्खा हवेली तालुका, पुण्याच्या सावलीत बदलत जाणारी त्यातली गावं.

ते साल १९६३. आदल्याच वर्षी एमआयडीसी स्थापन झाली होती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा पिंपरी कॅम्प होता. पुढे टेल्को आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर पोचली. घुर्ये ज्या बदलाची सुरुवात पाहत होते, तो पुढे एवढा वेगाने धावला.

बारावीच्या पुस्तकात औद्योगिकीकरण, नागरीकरण, सामाजिक चळवळी, आदिवासी-ग्रामीण-नागरी समाज असे धडे आहेत. मुंबईच्या गिरण्यांचा संप तिथे वाचायचा, तर त्याच्या जोडीला १९८९ सालचं टेल्को कामगारांचं शनिवारवाड्यावरचं उपोषण इथल्या निवृत्त कामगारांकडून ऐकता येतं. स्थलांतर हा शब्द पाठ करण्याआधी श्रावणात खान्देशी कुटुंबांची कानबाई बघावी, मोशीत इंद्रायणीकाठी छठपूजा बघावी. परमनंट आणि कंत्राटी यांच्यातला फरक तर वर्गातल्या निम्म्या मुलांना जेवणाच्या ताटावर कळलेला असतो. स्तरीकरण म्हणतात ते हेच.

आणि चाकण! खेड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. कांदा-बटाट्याची मोठी उलाढाल आणि संग्रामदुर्गाच्या १६६० च्या झुंजीची, फिरंगोजी नरसाळ्यांची आठवण. इथे बजाजचा कारखाना नव्वदच्या दशकाअखेरीस उभा राहिला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. ज्याच्या आजोबांनी मोटेने पाणी दिलं, त्याचे वडील आज चाळीच्या खोल्या भाड्याने देतात. भाडोत्री बीडचा, परभणीचा, बिहारचा. गावकी-भावकी तशीच आहे, पण गावात नुसते राहणारे आणि गावचे असणारे यांच्यात एक नवी रेघ पडली आहे.

प्रकल्पासाठी पुस्तकातल्या धड्याचा सारांश लिहिण्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या गावठाणातली एक गल्ली निवडावी आणि कोट्सचेच प्रश्न घ्यावेत. जमीन कुणाची होती, आता कुणाची आहे? घरं कशाची? घरात कोण काय कमावतं, कुणाचं देणं आहे, कुणाकडे काम ठरलेलं आहे आणि कुणाकडे रोजचं? गल्लीतली लग्नं कुठे जुळतात? मुलगी कोणत्या पाळीला जाते, आणि तिला सोडायला कोण जातं? नावं लिहू नयेत, उत्तरं लिहावीत, आणि वहीच्या वर तारीख टाकावी. तुलना करायला पुढच्या कुणाला तरी ती लागेल.