आवडती जागा सांगावी की झाकून ठेवावी?

मुंबईच्या काळा घोडा परिसरात 'वेसाइड इन' नावाचे एक उपाहारगृह होते. कवी अरुण कोलटकर दर गुरुवारी दुपारी तेथे येऊन बसत. मित्र जमत, गप्पा होत आणि एरवी समोरचा रस्ता न्याहाळणे चाले. त्या रस्त्यावरचा बेवारस कुत्रा, झाडूवाली बाई, इडली घेऊन येणारी बाई असे सारे हळूहळू त्यांच्या कवितेत उतरले. २००४ साली, कोलटकरांच्या निधनाच्या वर्षीच, 'काळा घोडा पोएम्स' हा त्यांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. तो संग्रह आजही वाचला जातो. ज्या खिडकीतून तो दिसला, ते 'वेसाइड इन' मात्र केव्हाच बंद झाले.

जगभरातील वृत्तपत्रे, पर्यटनविषयक मासिके आणि अलीकडे संकेतस्थळे लेखक, चित्रकार, वास्तुविशारद व चित्रपट दिग्दर्शकांना एक प्रश्न हमखास विचारतात : तुमच्या शहरातील तुमची आवडती जागा कोणती? या प्रश्नाच्या उत्तरात प्रसिद्ध स्मारके क्वचितच येतात. कोपऱ्यावरचे कॉफीगृह, जुन्या पुस्तकांची गल्ली, एखादे साधे मैदान यांचीच नावे अधिक असतात. वाचकालाही अशा याद्या आवडतात, कारण शहर आतून ओळखणाऱ्या माणसाचा हात धरून फिरल्याचे समाधान त्यातून मिळते. परंतु कलावंताने जागेचे नाव उच्चारल्यानंतर त्या जागेचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

थोड्या पैशांत पुष्कळ वेळ

कलावंतांचे कट्टे कोठे जमतात, याचे उत्तर बरेचसे व्यावहारिक आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात घर ही पहिली, कामाचे ठिकाण ही दुसरी आणि या दोहोंबाहेर माणसे सहज एकत्र येतात ती 'तिसरी जागा', अशी मांडणी केली. अशा जागेत प्रवेशाला ओळख लागत नाही, खर्च परवडणारा असतो आणि संभाषण हाच मुख्य उद्योग असतो. कलावंताच्या दृष्टीने त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. एका पेल्यावर तासन् तास बसले तरी तेथे कोणी उठवत नाही.

पॅरिसमधील 'काफे द फ्लोर'चे उदाहरण याबाबत बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना कोळशाची तीव्र टंचाई होती. तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्र आणि लेखिका सिमोन द बोव्हार राहत असलेल्या हॉटेलच्या खोल्या गारठून जात. 'फ्लोर'मध्ये शेगडी होती. दोघेही सकाळी तेथे येऊन वेगवेगळ्या टेबलांवर लिहीत बसत. अस्तित्ववादाशी ज्या कॉफीगृहाचे नाव कायमचे जोडले गेले, तेथे त्यांना आणणाऱ्या कारणांत उबेचा वाटा मोठा होता.

व्हिएन्नात ही सोय परंपरेनेच दिलेली आहे. कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो, वृत्तपत्रे हाताशी असतात आणि गिऱ्हाईकाला घाई केली जात नाही. १८७६ साली सुरू झालेल्या 'काफे सेंट्रल'मध्ये लेखक पेटर आल्टेनबर्ग यांचा मुक्काम इतका असे की, त्यांची टपालेही तेथेच येत. ऑस्ट्रियाने २०११ साली व्हिएन्नाच्या कॉफीगृह संस्कृतीची आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंद केली.

कैरोमध्ये कादंबरीकार नगीब महफूझ यांनी याच जागांचा दुसरा उपयोग दाखवून दिला. १९११ साली जुन्या कैरोतील गमालिया वस्तीत जन्मलेले महफूझ बालपणीच तेथून दूर राहायला गेले, पण त्या गल्ल्या आणि तेथील चहा-कॉफीची दुकाने त्यांनी सोडली नाहीत. सरकारी नोकरी सांभाळून ते तेथे येत आणि लोकांचे बोलणे ऐकत. १९८८ चे नोबेल पारितोषिक ज्या साहित्याला मिळाले, त्यातील माणसे बव्हंशी याच गल्ल्यांतली आहेत. लेखकाला शांतताच हवी असते, हा समज अशा वेळी अपुरा ठरतो. पुष्कळांना गर्दी हवी असते, फक्त तिच्यात कोणी आपल्याकडे पाहत नसावे एवढीच अपेक्षा असते.

नावाची किंमत

नेमकी हीच अपेक्षा प्रसिद्धीनंतर मोडते. लिस्बनमधील 'अ ब्राझिलेरा' या १९०५ साली सुरू झालेल्या कॉफीगृहात कवी फर्नांदो पेसोआ बसत असत. १९३५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे बहुतांश लेखन पेटीत अप्रकाशित पडलेले होते. १९८८ साली त्याच कॉफीगृहासमोर टेबलाशी बसलेला त्यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला. शेजारी एक रिकामी कांस्य खुर्चीही आहे. तेथे छायाचित्र काढून घेण्यासाठी पर्यटकांची रीघ लागते. हयातीत ज्याला कोणी फारसे ओळखले नाही, त्या कवीच्या शेजारी बसायला आता वाट पाहावी लागते.

काही ठिकाणी तर मूळ नाते किती खरे, हाही प्रश्न मागे पडतो. एडिंबरातील 'एलिफंट हाउस' हे कॉफीगृह हॅरी पॉटरचे जन्मस्थान म्हणून जगभर गाजले. प्रत्यक्षात, त्या कॉफीगृहात पाऊल टाकण्यापूर्वी कित्येक वर्षे आपण ही कथा लिहीत होतो, असे लेखिका जे. के. रोलिंग यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले. त्यांनी तेथे लेखन केले होते, पण जन्मस्थानाचा मान ते नव्हे. तरीही तेथील गर्दी ओसरली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लागलेल्या आगीत ते कॉफीगृह जळाले.

गर्दी वाढली की दर वाढतात, दर वाढले की बसण्याचा वेळ कमी होतो आणि ज्यांच्यामुळे नाव झाले त्यांच्यासारख्या नवोदितांना तेथे बसणे परवडेनासे होते. कलावंताच्या शिफारशीचे हे व्यस्त गणित आहे. जागेची कीर्ती वाढते आणि त्याच वेळी तिचा उपयोग घटतो.

जागा कोणाच्या हाती?

मात्र सर्वच कट्टे प्रसिद्धीमुळे संपत नाहीत. अनेक ठिकाणी खरा निर्णायक मुद्दा जागेच्या हक्काचा असतो. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९६४ साली उषा खन्ना यांनी सुरू केलेले 'समोवार' हे उपाहारगृह चित्रकार, कवी, नाट्यकर्मी आणि विद्यार्थी यांचे हक्काचे ठिकाण होते. त्याच्यावर लोकांचे प्रेम कमी नव्हते आणि टेबलेही ओस पडलेली नव्हती. तरीही २०१५ च्या मार्चअखेर ते बंद झाले, कारण जागा त्यांची स्वतःची नव्हती. शेवटच्या दिवसांत निरोप घ्यायला रांगा लागल्या. परंतु रांगांनी जागेचा करार होत नाही.

याच्या उलट उदाहरण कोलकात्यातील कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसचे आहे. १९४२ पासून चाललेले हे कॉफी हाउस सत्यजित राय यांच्यापासून असंख्य बंगाली लेखक, चित्रपटकर्मी आणि विद्यार्थ्यांचे बसण्याचे ठिकाण. १९५८ साली ते बंद होण्याच्या बेतात होते. तेव्हा ते कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती आले आणि आजतागायत चालू आहे. तेथे वाढपीच संस्थेचे सभासद असल्याने टेबल अडवून बसलेला गिऱ्हाईक हा केवळ तोट्याचा आकडा ठरला नाही. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे उदाहरण अपरिचित वाटू नये.

तिसरा मार्ग कायद्याचा. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथे १८५८ साली सुरू झालेले 'काफे तोर्तोनी' आजही आहे. लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांचे तेथे येणे-जाणे असे. या शहराने १९९८ साली कायदा करून वास्तू, वय किंवा सांस्कृतिक महत्त्व यांमुळे विशेष ठरलेल्या कॉफीगृहांची व मद्यगृहांची 'उल्लेखनीय' म्हणून नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. अशा नोंदीमुळे प्रत्येक जागा वाचतेच असे नाही. परंतु एखादे उपाहारगृह हा केवळ मालक आणि भाडेकरू यांच्यातील व्यवहार नसून शहराचाही त्यावर काही अधिकार आहे, एवढे तत्त्व तरी मान्य होते.

आवड जेव्हा साक्ष होते

असे कायदे मुळात होतात, त्याचे एक कारण कोणीतरी आपली आवड जाहीरपणे सांगितलेली असते. टोकियोतील जिंगू हे १९२६ साली बांधलेले बेसबॉलचे मैदान. १९७८ च्या एप्रिलमध्ये तेथे सामना पाहत बसलेल्या, जवळच जॅझ संगीताचे उपाहारगृह चालवणाऱ्या एका तरुणाला अचानक वाटले की, आपण कादंबरी लिहू शकू. तो तरुण म्हणजे हारुकी मुराकामी. त्यांची पहिली कादंबरी पुढच्याच वर्षी आली. तेव्हापासून या मैदानाविषयी ते सतत लिहीत-बोलत आले.

हे मैदान पाडून परिसरात उत्तुंग इमारती उभारण्याच्या आणि त्यासाठी झाडे तोडण्याच्या योजनेला २०२३ च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली. मृत्युशय्येवर असलेले संगीतकार र्‍युइची साकामोतो यांनी मार्चमध्ये टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहून योजनेला विरोध केला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांचे निधन झाले. पुढे मुराकामी यांनीही आपल्या नभोवाणी कार्यक्रमातून विरोध नोंदवला. त्याने योजना रद्द झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वृक्षतोड सुरू झाली. मात्र जनमताच्या रेट्याने तोडावयाच्या झाडांची संख्या त्याआधी कमी करावी लागली होती.

कलावंताची आवडती जागा वाचकापर्यंत दोन प्रकारे पोहोचू शकते. एक, पर्यटकाच्या यादीतील आणखी एक नाव म्हणून. दुसरा प्रकार साक्षीचा आहे : येथे काय घडत होते, कोण बसत होते, किती पैशांत बसता येत होते, याची साक्ष. पहिल्याने गर्दी वाढते, तर दुसऱ्याने जागा राखण्यासाठी निदान एक आधार मिळतो. 'वेसाइड इन'ला तो आधार वेळेत मिळाला नाही. तेथील टेबलाचा पत्ता आज कोलटकरांच्या कवितेत तेवढा उरला आहे. आज जी कॉफीगृहे, जे इराणी आणि जे कट्टे चालू आहेत, त्यांच्याविषयीची साक्ष ते चालू असतानाच नोंदवली गेली, तर तिचा उपयोग श्रद्धांजलीपेक्षा अधिक होईल.