ग्लिसरीनला नवे गिऱ्हाईक

ग्लिसरीन म्हटले की हिवाळ्यात ओठांना लावायची बाटली आठवते, नाहीतर सिनेमातल्या नायिकेचे रडणे. आम्ही कवी अश्रूंना खारट म्हणत आलो. पडद्यावरच्या अश्रूंचे हे औषध मात्र चवीला गोड! 1779 साली शील या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्हचे तेल आणि शिशाचे भस्म एकत्र तापवून हा दाट, गोड द्रव प्रथम मिळवला. तेल असो की चरबी, तिच्या रेणूचा कणा ग्लिसरीनचाच असतो. साबण करताना ते सुटे होते, तसेच तेलापासून बायोडिझेल करतानाही.

अडचण इथेच सुरू झाली. 100 किलो बायोडिझेलमागे साधारण 10 किलो ग्लिसरीन निघते. 2000 नंतर युरोप-अमेरिकेत बायोडिझेलचे कारखाने भराभर उभे राहिले आणि ग्लिसरीनचे भाव कोसळले. पेट्रोलियमपासून ग्लिसरीन बनवणारा टेक्सासमधला आपला कारखाना ‘डाऊ’ कंपनीने 2006 साली बंदच केला. त्यातून बायोडिझेलचे ग्लिसरीन कच्चे. मिथेनॉल, क्षार, साबण असे सगळे त्यात मिसळलेले. ते शुद्ध करण्याचा खर्च लहान कारखान्याला परवडत नाही, आणि औषधात जायचे तर शुद्धतेत हयगय चालत नाही. मुंबईने याची किंमत मोजली आहे. 1986 साली जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली होती.

मग या कच्च्या मालाला गिऱ्हाईक कोण? जिवाणू!

पहिल्या महायुद्धात नेमके उलटे घडले होते. ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक बनते. नाकेबंदीमुळे जर्मनीत तेल-चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी यीस्टला साखर खाऊ घातली, त्यात सल्फाइट मिसळले आणि मद्याकडे जाणारी साखर ग्लिसरीनकडे वळवली. तेव्हा सूक्ष्मजीवांनी ते बनवावे अशी गरज होती. आता त्यांनी ते खावे अशी आहे.

‘ई. कोलाय’ हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू म्हणजे प्रयोगशाळेतला जुना गडी. 1978 साली माणसाचे इन्सुलिन त्याच्याकडूनच करवून घेतले गेले. पण हवेवाचून तो ग्लिसरीन आंबवू शकत नाही, असा समज होता. टेक्सासमध्येच, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, रॅमॉन गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली तो समज खोटा ठरवला.

पुढचे काम शेतात दारे धरणाऱ्याला चटकन कळेल. पाटाचे पाणी एकाच वाफ्यात न्यायचे तर बाकीच्या वाफ्यांची तोंडे मातीने बुजवावी लागतात. जिवाणूच्या पोटात ग्लिसरीन शिरले की त्यालाही वाटा फुटतात. एक ॲसिटिक आम्लाकडे, एक इथेनॉलकडे, एक सक्सिनिक आम्लाकडे. या वाटा उघड्या ठेवणारी जनुके शास्त्रज्ञांनी काढून टाकली आणि ग्लिसरीन पचवणारी जनुके अधिक जोमाने चालवली. सगळा ओघ लॅक्टिक आम्लाकडे वळला. तरी एक फट राहिलीच होती: तयार झालेले आम्ल हा गडी स्वतःच परत खात असे! ते जनुकही काढले. 2010 साली याच गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिटरमागे 40 ग्रॅम ग्लिसरीनपासून 32 ग्रॅम डी-लॅक्टिक आम्ल मिळाले. लॅक्टिक आम्लाच्या रेणूंची साखळी जोडली की त्याचे प्लास्टिक होते, आणि पुरेशी उष्णता व ओल मिळाली तर ते कुजतेही.

जनुक बदललेला जिवाणू म्हटल्यावर काहींच्या पोटात गोळा येतो. शंका विचारावी, त्यात गैर काही नाही. मात्र हा जिवाणू बंद टाकीत राहतो, आणि काम संपल्यावर त्याला उष्णतेने मारूनच बाहेर टाकायचे असते. मला चिंता वाटते ती भावाची. कच्च्या मालातले क्षार आणि मिथेनॉल जिवाणूला मानवत नाहीत. ते काढावे तर खर्च वाढतो. शिवाय जिवाणूंवाचून, निव्वळ रासायनिक क्रियेने ग्लिसरीनपासून प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि एपिक्लोरोहायड्रिन बनवणारेही त्याच बाजारात खरेदीला उभे असतात. त्यांनी माल उचलला की भाव चढतो. बायोडिझेल मंदावले तरी चढतोच. मग टाकीतल्या जिवाणूला पुन्हा साखरच घालावी लागते.