मोजायचं टेबल, स्क्रू नव्हे

हाताने चालवायच्या मिलिंग मशीनचं टेबल लीडस्क्रूने सरकतं आणि किती सरकलं ते हँडव्हीलवरच्या डायलवर वाचतात. पण डायल मोजतो स्क्रूचं फिरणं. टेबल नेमकं तेवढंच हललं असेल, हे आपण धरून चालतो. स्क्रू आणि नट झिजले की त्यांच्यात फट पडते आणि हँडव्हील उलटं फिरवताना सुरुवातीचा थोडा फेरा फुकट जातो. डायल पुढे सरकतो, टेबल जागीच राहतं. यालाच बॅकलॅश म्हणतात. भोसरीपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरपर्यंत छोट्या वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनवर तो पाव मिलिमीटर निघाला तर कुणाला नवल वाटत नाही, पण दोन बेअरिंगच्या भोकांमधल्या अंतरात तेवढी चूक झाली की जॉब भंगारात जातो. डीआरओ, म्हणजे जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट, स्क्रूला बाजूला ठेवून थेट टेबलाची हालचाल मोजतो. त्याचं खरं मोल इथे आहे, आणि म्हणूनच तो घरी बनवताना मेहनत कुठे घालायची हेही इथेच ठरतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आता सोपा झाला आहे. डिजिटल व्हर्नियरच्या तत्त्वावरच्या स्वस्त कपॅसिटिव्ह स्केल ०.०१ मिमीपर्यंत आकडा देतात. त्यांचा सिग्नल जेमतेम दीड व्होल्टचा असतो, म्हणून तो वाढवून मगच आर्डुइनोसारख्या बोर्डाला द्यावा लागतो. थोडे जास्त पैसे घातले तर ०.००५ मिमीच्या काचेच्या किंवा मॅग्नेटिक स्केल मिळतात. त्या दोन सिग्नल पाठवतात. कोणता सिग्नल आधी बदलला त्यावरून दिशा कळते आणि किती वेळा बदलला त्यावरून अंतर. बोर्ड ही मोजदाद करून आकडा पडद्यावर दाखवतो. मात्र पडद्यावर तीन दशांश स्थळं दिसली म्हणून काम तेवढं अचूक होतं असं नाही.

अचूकपणा ठरतो तो स्केल बसवण्यावर. ३०० मिमी लांबीची स्केल १ अंशाने कलली, म्हणजे एक टोक साधारण ५ मिमी खाली राहिलं, तर पूर्ण प्रवासात सुमारे ०.०४५ मिमीची चूक येते. डायल गेज लावून तो कल ०.१ मिमीवर आणला की ही चूक हिशेबात धरण्याइतकीही उरत नाही. ब्रॅकेटचं तसं नाही. वाचणारं हेड पातळ पत्र्याच्या पट्टीवर टांगलं, तर टेबलाची दिशा बदलताच पट्टी आधी लवते, हेड मागाहून हलतं, आणि स्क्रूमधून हाकललेला बॅकलॅश मागच्या दाराने परत येतो. म्हणून ब्रॅकेट जाड, आखूड आणि दोन बोल्टांनी घट्ट हवा. परीक्षा सोपी आहे. टेबल एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आणून डायल गेजचा काटा त्याच खुणेवर ठेवायचा. दोन्ही वेळा डीआरओवर एकच आकडा आला, तर बसवणी चोख.

जाणता मिलर म्हणेल, नेहमी एकाच बाजूने टेबल आणलं की बॅकलॅश आड येत नाही, मग हा खटाटोप कशाला? म्हणणं खरं आहे. पण आठ भोकांच्या जॉबवर मागे-पुढे करताना प्रत्येक वेळी ही शिस्त पाळावी लागते आणि फेरेही मनात मोजावे लागतात. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर एक फेरा चुकला की भोक ५ मिमी सरकलं. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. कपॅसिटिव्ह स्केल कूलंटने ओली झाली की आकडे उड्या मारतात, हे नाकारता येत नाही. तिला झाकण हवं, आणि कूलंट सतत वाहणाऱ्या मशीनवर मॅग्नेटिक स्केलच घ्यावी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, झिजलेल्या मशीनला डीआरओ काय सुधारणार? टेबल मीटरमागे ०.१ मिमी डुलत असेल आणि जॉब स्केलच्या १५० मिमी वर असेल, तर ०.०१५ मिमीची चूक कोणत्याही स्केलला दिसणार नाही. कटिंग चालू असताना ढिल्या नटातून टेबलाला बसणारा हिसकाही डीआरओ थांबवत नाही. त्यासाठी सरकपट्ट्या कसणं आणि न हलणारा अक्ष लॉक करणं हाच उपाय.

म्हणून घरगुती डीआरओ करायचा तर आधी मशीनची ढिलाई काढावी, मग एक्स आणि वाय अक्षांवर स्केल बसवाव्यात आणि स्लिप गेज लावून टेबलाच्या दोन्ही टोकांना व मध्ये आकडे ताडून पाहावेत. बजेट आखडतं असेल तर पडदा साधा चालेल, पण ब्रॅकेटच्या लोखंडात काटकसर करू नये.